नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांच्या प्रदर्शनाला जाताय? या चुका टाळा

पुण्याजवळ मोशीच्या प्रदर्शन केंद्रात नाहीतर चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये असं प्रदर्शन लागलं की माझ्यासारखे छोटे दुकानदार पिशव्या घेऊन निघतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच फसतात. कारण आम्ही नाकाने खरेदी करतो.

चार-पाच वास घेतले की नाक थकतं, मग सगळंच छान वाटायला लागतं. एकाच मनगटावर सहा क्रीम चोपडणं तर त्याहून वाईट. संध्याकाळी खाज सुटली तर दोष कोणाला देणार? नमुना मागून घ्या, घरी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. झाडापासून आलेलं सगळंच सोसतं असं नाही. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

‘हे ऑरगॅनिक आहे का?’ असं विचारूच नका, हो म्हणायला कोणाचं काय जातं? ‘प्रमाणपत्र कच्च्या मालाचं की या बाटलीचं?’ असं विचारा. निम्मे स्टॉलवाले इथेच अडखळतात.

मग बाटली उलटी करा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत नसेल तर पुढे चला, बोलणं कितीही गोड असो. घटकांची यादी वाचायची एक युक्ती आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही. फेनॉक्सीइथॅनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ न देणारं रसायन, एक टक्क्यापर्यंतच चालतं. म्हणजे वेष्टनावर भलीमोठी कोरफड आणि यादीत तिचं नाव फेनॉक्सीइथॅनॉलनंतर, तर कोरफड जेमतेम एक टक्का! अर्थात कोरफडीचा रस आटवून केलेली पावडर असेल तर थोडीही पुरते. तेवढं विचारा, जाणकार माणूस चिडत नाही.

दुकानासाठी घेत असाल तर कमीत कमी किती नग आणि मुदतीतले किती महिने उरलेत, हे दराआधी बोला.

पहिल्या वर्षी मी ‘प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही’ या एका वाक्यावर भाळून तीन डझन गुलाबजल उचललं. पाण्याचा अंश असलेल्या मालात प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर बुरशी धरायला वेळ लागत नाही, हे ठाऊक नव्हतं. ऐन पावसाळ्यात बाटल्यांत पांढरे धागे तरंगायला लागले. फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘मॅडम, नैसर्गिक आहे ना, होणारच.’