दौऱ्यावरचं हॉटेल बिल: काउंटरवर काय बघायचं

चाकणच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते. सर्व्हिस इंजिनिअर दौऱ्यावरून आले की बिलं माझ्याकडे येतात आणि सगळ्यात जास्त अडतं ते हॉटेलच्या बिलापाशी.

ज्या व्यावसायिकाची उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही वर्षी ५ कोटींच्या वर गेली आहे, त्याला जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकाचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं, यालाच ई-इन्व्हॉइसिंग म्हणतात. ही मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. पोर्टल त्या बिलाला ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड देतं. पण तुम्ही कंपनीचा जीएसटी नंबर दिलाच नाही, तर हॉटेलच्या दृष्टीने तुम्ही खासगी पाहुणे. बिल तुमच्या नावावर निघतं आणि कंपनीचं क्रेडिट, म्हणजे बिलातला जीएसटी कंपनीच्या स्वतःच्या करातून वजा करण्याची सोय, जातं.

म्हणून नंबर चेक-इनलाच द्या. तोंडी सांगू नका, पंधरा अंक-अक्षरं ऐकून टाइप करताना गडबड होते. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तो दाखवा. निघताना 'फायनल करण्याआधी एकदा बिल दाखवा' असं आवर्जून म्हणा. आयआरएन निघाल्यावर पोर्टलवर त्या बिलात दुरुस्ती करता येत नाही. ते २४ तासांत रद्द करता येतं. त्यानंतर क्रेडिट नोट (आधीचं बिल मागे घेणारा कागद) आणि नवं बिल, म्हणजे हॉटेलच्या मागे फोन करत बसणं आलं.

बिलात 'बिल टू' खाली कंपनीचं पूर्ण नाव, आपला २७ ने सुरू होणारा नंबर आणि 'गेस्ट' म्हणून तुमचं नाव हवं. मग जीएसटी नेटवर्कच्या 'ई-इन्व्हॉइस क्यूआर कोड व्हेरिफायर' अ‍ॅपने कोड स्कॅन करा. हॉटेलचा नंबर, आपला नंबर, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम दिसते. ती छापील बिलाशी जुळवा. मला पीडीएफ पाठवा, थर्मल कागदाचा फोटो नको. त्यावरचा कोड बहुतेक वेळा स्कॅनच होत नाही.

छोट्या लॉजच्या बिलावर क्यूआर नसेल तर घाबरू नका. उलाढाल मर्यादेत असेल तर साधं जीएसटी बिल चालतं.

आता क्रेडिटचं. नागपूरला ८,००० रुपयांची खोली घेतली तर १८ टक्क्यांनी १,४४० रुपये जीएसटी लागतो आणि बिल बरोबर असेल तर तो कंपनीला क्रेडिट म्हणून मिळतो. तीच खोली बेंगळुरूत घेतली तर कर कर्नाटकाचा लागतो, कारण राहण्याच्या सेवेचं ठिकाण हॉटेल जिथे आहे तेच धरलं जातं. आपली नोंदणी फक्त महाराष्ट्रात असल्याने ते क्रेडिट मिळत नाही. त्यासाठी 'आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) लावा' म्हणून रिसेप्शनवर वाद घालू नका, त्यांचं बरोबर असतं. नंबर मात्र तिथेही द्या, खर्च कंपनीच्या नावावर दिसायला हवा.

विमानाचं उलटं आहे. प्रवासी वाहतुकीला ई-इन्व्हॉइसिंगमधून सूट आहे, त्यामुळे क्यूआर शोधू नका. पण बुकिंग करताना कंपनीचा नंबर टाकला असेल तर कुठूनही उड्डाण केलं तरी क्रेडिट आपल्या राज्यात मिळतं. बोर्डिंग पास हे बिल नव्हे. विमान कंपनीच्या साइटवरून जीएसटी इन्व्हॉइस डाउनलोड करा. रेल्वेच्या एसी तिकिटालाही बुकिंगच्या वेळीच नंबर टाकायचा.

जेवणाच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळतच नाही, त्यामुळे त्या बिलावर आपला नंबर नसला तरी अडत नाही.

आणि एक गोष्ट अकाउंट्सवाल्यांसाठी. बिल चुकलं म्हणून कर्मचाऱ्याच्या परताव्यातून जीएसटीची रक्कम कापणं मला अजिबात मान्य नाही. त्याने खिशातून पैसे भरलेले असतात आणि तो कामासाठीच गेलेला असतो. नंबर आणि प्रमाणपत्र दौऱ्याआधी त्याच्या हातात देणं आपलं काम आहे.

चूक लक्षात आली तर परतीच्या गाडीतूनच मला फोटो पाठवा. २४ तास संपायच्या आत मी हॉटेलशी बोलते.