इलेक्ट्रिक पॅनलमध्ये अर्थिंगची वायर किती जाडीची घ्यायची?

फेजची वायर सगळे हिशेब करून घेतात, अर्थिंगला मात्र हाताला लागेल तो तुकडा जोडतात. परवा एका पॅनलमध्ये 25 स्क्वेअर एमएमच्या फेजसोबत 4 ची हिरवी वायर दिसली आणि पोटात गोळाच आला.

दोन्ही वायर तांब्याच्या असतील तर हिशेब असा (सगळे आकडे स्क्वेअर एमएममध्ये):

1. फेज 16 पर्यंत असेल तर अर्थिंग तेवढ्याच जाडीचं.
2. 16 च्या वर, 35 पर्यंत: अर्थिंग 16.
3. 35 च्या वर, 400 पर्यंत: फेजच्या निम्मं. 95 चे निम्मे 47.5 होतात, तशी वायर मिळत नाही; मग 50 घ्या, 35 नको.

मी हे मार्करने पॅनलच्या दाराला आतून लिहून ठेवतो, पुढच्या वायरमनलाही कामाला येतं. दारावर मीटर किंवा पुश बटणं असतील तर दारालाही अर्थिंगची वेगळी लवचिक वायर द्या, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. आणि लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) कसण्याआधी तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करा.

फेज तांब्याची आणि अर्थिंग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीचं असेल तर मात्र हा हिशेब लावू नका. जीआयला बरीच जास्त जाडी लागते.