लॅकर मारायच्या आदल्या दिवशी काय काय उरकून ठेवायचं

लाकडावर चमकदार थर द्यायला मारतात ते लॅकर वाळतं भराभर, त्यामुळे स्प्रे गन हातात घेतल्यावर "अरे टेप कुठंय" करत बसलात की गेलं काम, म्हणून सगळी तयारी आदल्या दिवशीच. हे साध्या एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरबद्दल आहे हां, हार्डनर (घट्ट करणारं दुसरं द्रावण) मिसळायचा प्रकार असेल तर माप आणि कालवल्यावर किती वेळात संपवायचं ते डब्यावर वाचा. (लॅकर हा शब्द मुळात आपल्या लाखेवरूनच गेलाय, पण या डब्यात लाख औषधालाही नसते.)

आधी लाकूड. लॅकरखाली बारीकसारीक झाकलं जाईल असं वाटत असेल तर विसरा, चमक आली की एकेक ओरखडा बोंब मारतो. 120 चा पॉलिश पेपर, मग 180, मग 220, मधला नंबर गाळायचा नाही आणि हात कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, कारण आडवे ओरखडे स्टेन (लाकडात मुरणारा रंग) पिऊन काळे होतात. 180 झाल्यावर ओलसर फडकं फिरवून वाळू द्या, तंतू उभे राहतात, ते 220 ने हलक्या हाताने काढा. टोकदार कडांवर लॅकर पातळ बसतं आणि तिथूनच आधी उडतं, तेव्हा धार जराशी मोडून घ्या.

आणि ग्लू! घरी बनवलेल्या फर्निचरमध्ये सगळ्यात जास्त घात यानेच होतो. माझ्या पहिल्या टेबलाच्या कडेला अख्खा अंगठा उमटलाय, फिकट, अगदी ठशाच्या रेघांसकट, कारण सांधा दाबताना ग्लूचा हात तिथे लागला, वाळल्यावर दिसला नाही आणि स्टेन काही तेवढ्या जागेत शिरला नाही. आता मी थिनरच्या फडक्याने सगळं पुसतो, बॅटरी आडवी धरतो आणि थिनर उडायच्या आत जिथे फिकट दिसेल तिथे पेन्सिलने खूण करून खरवडतो. सागवानासारखं तेलकट लाकूड असेल तर हे पुसणं तसंही लागतंच. आरशासारखं गुळगुळीत पाहिजे असेल तर सागवानाची छिद्रं ग्रेन फिलरने भरावी लागतील, नुसते लॅकरचे हात (म्हणजे थर) वाढवून भरत नाहीत.

सिलिकॉनवालं पॉलिश किंवा स्प्रे त्या खोलीत वापरूच नका, लॅकर त्या जागेवरून मागे सरकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. बिजागऱ्या, मुठी काढून ठेवा.

सामान म्हणाल तर सँडिंग सीलर (लॅकरखाली मारायचा, सहज घासला जाणारा पहिला थर), लॅकर, लॅकरचाच थिनर (टर्पेंटाइन चालत नाही), गाळायला बारीक जाळी, दोन थरांच्या मध्ये घासायला 320 चा पेपर, भरपूर सुती फडकी. ब्रशने मारायचं असेल तर ब्रशचं, जरा हळू वाळणारं लॅकर घ्या, गनचं लॅकर ब्रशखाली ओढलं जातं.

हवेचं मात्र नीट बघा. दमट दिवशी घाई केली आणि माझं एक स्टूल ताकासारखं पांढरं पडलं. होतं असं की थिनर इतक्या वेगाने उडतो की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रिटार्डर (वाळणं मंदावणारा थिनर) घातलेला पातळ हात मारून बऱ्याचदा ते सुधारतं, पण आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर असेल तर मी सरळ सुट्टी घेतो.

मास्क कार्ट्रिजवाला, ऑर्गॅनिक व्हेपरचा. धुळीचा कापडी मास्क वासाला काही अडवत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते, तेव्हा गॅस, गीझर, सिगारेट सगळं बंद आणि साधा पंखा वाफेच्या वाटेत ठेवू नका, मोटरची ठिणगी पुरते. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, बाहेर पसरून वाळवायची.

झाडलोट आदल्या दिवशीच, सकाळी झाडलंत तर दुपारपर्यंत धूळ हवेत आणि मग लॅकरवर.

त्याच लाकडाचा एक तुकडा, तसाच घासलेला, तसाच स्टेन दिलेला, जवळ ठेवा. त्यावर गन 15 ते 20 सेंटीमीटरवरून फिरवून बघा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. ओघळ आला तर जवळून मारताय, रवाळ झालं तर लांबून. मागे पेन्सिलने लिहून ठेवा किती थिनर घातला, किती हात झाले, पुढच्या वेळी तेच लागतं.

आणि ओला पीस ठेवणार कुठे ते ठरवलंय का? एका फळीला चार खिळे उलटे ठोका, टोकं वर, त्यावर आधी खालची बाजू वर करून मारा (खालच्या बाजूलाही लॅकर पाहिजेच, नाहीतर फळी एका बाजूने ओल पिऊन वाकते), वाळली की पलटा, खिळ्यांचे ठिपके खालीच राहतात.