लाइट आली, नेट आलं, पण साइट उघडेना: बाइंड डीएनएस सर्व्हरचा बिघाड कसा शोधायचा

उदगीर-अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावातला केबल-ब्रॉडबँडवाला असो, लातूरच्या क्लासची अभ्यासिका असो की वाळूज एमआयडीसीतलं ऑफिस, स्वतःचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा) ठेवणाऱ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते: "नेट आहे, पण काहीच उघडत नाही." चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटत नाही आणि नवी साइट मात्र उघडत नाही, असं कुणी सांगितलं की आधी डीएनएस तपासायचा. इथे उबंटू लिनक्सवरचा बाइंड 9 हा डीएनएस सर्व्हरचा प्रोग्राम आणि सर्व्हरचा पत्ता 10.10.0.2 धरला आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

फोन आला की पहिला हात रीस्टार्टकडे जातो. तो आवरा. रीस्टार्टने कॅशे (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) रिकामी होते, सगळ्या ग्राहकांचे प्रश्न एकदम बाहेर जायला लागतात आणि बिघाडाचा मागही पुसला जातो. डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड म्हणजे 'डिग'. आधी ग्राहकाच्या बाजूच्या मशीनवरून 'डिग @10.10.0.2' आणि पुढे साइटचं नाव देऊन विचारा. मग तोच प्रश्न सर्व्हरवर बसून 127.0.0.1 ला विचारा. सर्व्हरवर उत्तर मिळतं पण ग्राहकाला मिळत नाही, म्हणजे घोळ फायरवॉल, लिसन-ऑन (सर्व्हर कोणत्या पत्त्यांवर ऐकतो ती सेटिंग) किंवा परवानगीत आहे. दोन्हीकडे सारखंच रडगाणं असेल तर दोष सर्व्हरच्या आत किंवा त्याच्या वरच्या बाजूला आहे. नुसतं पिंग लागलं म्हणून डीएनएस ठीक आहे असं समजू नका.

डिगच्या उत्तरात 'स्टेटस' पुढे काय लिहिलंय, त्यावर पुढची दिशा ठरते.

उत्तरच आलं नाही, टाइमआउट झाला, तर 'एसएस -एलएनटीयूपी' चालवून 53 नंबरच्या पोर्टवर कोण बसलंय ते पाहा. उबंटूत सिस्टमडी-रिझॉल्व्हड (मशीनपुरती नावं शोधणारा प्रोग्राम) 127.0.0.53 वर आधीच बसलेला असतो. बाइंडचं त्याच्याशी सहसा भांडण होत नाही. डीएनएसमास्क (बाइंडऐवजी वापरला जाणारा छोटा डीएनएस सर्व्हर) मात्र सगळ्या पत्त्यांवर बसायला जातो आणि 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत पडतो. अशा वेळी रिझॉल्व्हडचा स्टब लिसनर (127.0.0.53 वर बसणारा भाग) बंद करा आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमधला पत्ताही बदला. दुसरी गोष्ट विसरलात तर तो सर्व्हर स्वतःच्याच कामासाठी नावं शोधू शकणार नाही.

'रिफ्यूज्ड' (नकार) आलं, तर नवा व्हीलॅन (वेगळं केलेलं आतलं नेटवर्क) किंवा नवी वस्ती जोडली होती का ते आठवा. बाइंड मुळात स्वतःच्या मशीनला आणि थेट जोडलेल्या नेटवर्कलाच बाहेरची नावं शोधून देतो. राउटरपलीकडचं 10.20.0.0/16 त्याच्या हिशेबी परकं असतं. 'अलाउ-रिकर्शन' या सेटिंगमध्ये ती रेंज नेमकी लिहा. तिथे 'एनी' लिहून मोकळं होऊ नका. सर्व्हर जगाला खुला झाला की दुसऱ्यांवरच्या अँप्लिफिकेशन हल्ल्यात (छोट्या प्रश्नांची मोठी उत्तरं दुसऱ्यावर लोटण्याच्या) तुमची लाइन वापरली जाते.

खरा वेळ खातो तो 'सर्व्हफेल', म्हणजे सर्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही. लाइट जाऊन आल्यावर तो एकदम सगळ्या साइटना येत असेल तर पहिली कमांड 'डेट'. डीएनएससेक म्हणजे उत्तर खरं आहे हे डिजिटल सहीने तपासण्याची पद्धत. तिच्यातल्या प्रत्येक सहीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. जुन्या डेस्कटॉपला सर्व्हर केलेलं असतं, त्यातला सीआर2032 सेल संपलेला असतो, आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली की मशीन काही वर्षं मागच्या तारखेला उठतं. रास्पबेरी पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर तर घड्याळाची चिपच नाही. दोन दिवस बंद राहिलं तर तेवढंच मागे राहतं. मग रूटच्या (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या) किल्लीवरची सहीच 'अजून लागू नाही' ठरते आणि सही नसलेल्या साइटसुद्धा अडकतात. लॉगमध्ये 'व्हॅलिडिटी पीरियड हॅज नॉट बिगन' दिसतं. यातली गोम अशी की वेळ दुरुस्त करायला एनटीपी सर्व्हर (नेटवरून बरोबर वेळ देणारा) लागतो, त्याचं नाव शोधायला डीएनएस लागतो, आणि डीएनएस वेळेसाठी अडून बसलेला.

खात्रीसाठी डिगला '+सीडी' जोडा. त्याने सही न तपासता उत्तर मिळतं. असं उत्तर आलं तर दोष सही तपासण्यातच आहे. 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स' करून 'सेट-टाइम'ने वेळ हाताने भरा, 'आरएनडीसी फ्लश'ने बाइंडची कॅशे रिकामी करा आणि एनटीपी पुन्हा चालू करा. टाइमझोन आधी एशिया/कोलकाता आहे ना ते पाहा. यूटीसीवरच्या मशीनमध्ये आपली घड्याळातली वेळ भरली तर ते साडेपाच तास पुढे जातं. कायमचा उपाय म्हणजे सेल बदलणे, आणि एनटीपीच्या यादीत एक तरी सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने देणे. वेळ देणारा राउटर असेल तर त्याचाच पत्ता चालतो. डीएनएससेक तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका.

वेळ बरोबर असून एकाच डोमेनला सर्व्हफेल येत असेल, तर 1.1.1.1 आणि 8.8.8.8 या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरना तेच विचारा. तिथेही बोंब असेल तर चूक त्या डोमेनवाल्याची. काम अडलंच असेल तर 'आरएनडीसी एनटीए' त्या डोमेनपुरती तपासणी थांबवतं, तेही मुळात एकाच तासासाठी. '+सीडी' लावूनही सर्व्हफेलच, तर फॉरवर्डरला (तुमचा सर्व्हर ज्याच्याकडे प्रश्न पुढे पाठवतो त्याला) थेट विचारून बघा. '+ट्रेस' रूटपासून स्वतः चालत जातो, फॉरवर्डरला विचारत नाही. म्हणून ट्रेस चालतो आणि सर्व्हर अडतो, तर संशय फॉरवर्डरवर.

छोटी उत्तरं येतात आणि मोठी लटकतात, हा प्रकार फायरवॉलचा. 53 पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडलेला असतो, टीसीपी राहून जातो. डिगला '+टीसीपी' लावून पाहा. पीपीपीओई लाइनवर (यूजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँडवर) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, 1492 असतो, त्यामुळे तुकडे झालेली पॅकेट हरवतात. ईडीएनएस बफर (यूडीपीने किती मोठं उत्तर चालेल ती मर्यादा) 1232 ठेवा.

स्वतःचा झोन (आपल्या डोमेनमधल्या नावांची नोंद) असेल तर फाइल बदलल्यावर 'नेमड-चेकझोन' चालवल्याशिवाय रीलोड करू नका. पूर्ण नावाच्या शेवटचा टिंब राहिला तर डोमेन दोनदा जोडलं जातं आणि तपासणीत ते चूक म्हणून पकडलं जाईलच असं नाही. सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) वाढवला नाही तर झोनची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर जुनंच सांगत राहतो. 2025061501 ऐवजी चुकून 2052 ने सुरू होणारा आकडा पडला असेल, तर मुख्य सर्व्हरवर तो नीट करा आणि दुय्यमवर 'आरएनडीसी रीट्रान्सफर' द्या. नवं नाव टाकण्याआधीच कुणी विचारलं असेल तर 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशेत बसतं. ते किती वेळ टिकेल हे एसओएतल्या (झोनच्या सुरुवातीच्या नोंदीतल्या) शेवटच्या आकड्यावर ठरतं; तिथे 86400 ऐवजी 300 ते 900 सेकंद पुरे. बाइंड असं उत्तर मुळात तीन तासांपेक्षा जास्त धरत नाही, पण बाकीच्यांचा भरवसा नाही. डॉट भारत डोमेन असेल तर झोन फाइलमध्ये त्याचं 'एक्सएन--' ने सुरू होणारं रूप लिहायचं, देवनागरी नाही.

ऑफिसमधली आतली नावं फक्त मोबाइलवरच उघडत नसतील तर सर्व्हर उसकटू नका. अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस 853 पोर्टने परस्पर बाहेर विचारतो, ब्राउझरचा सुरक्षित डीएनएस एचटीटीपीएसवरून. 'आरएनडीसी क्वेरीलॉग ऑन' करून त्या फोनचा प्रश्न सर्व्हरपर्यंत येतो का ते बघा आणि काम झालं की लॉग बंद करा, नाहीतर गर्दीच्या वेळी डिस्क भरून दुसरीच तक्रार सुरू होते.