किनाऱ्यावर नेमणूक आणि संघटनेचा मसुदा: नव्या नगर रचनाकारांसाठी

सहायक नगर रचनाकार म्हणून रुजू होऊन जरा कुठे बूड टेकतं, तोच नगर रचनाकारांच्या नोकरदार संघटनेचं पत्र येतं: पुढच्या काही वर्षांचे प्राधान्यक्रम सुचवा. रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गात असाल तर ते पत्र फाईलखाली सरकवू नका. कार्यकारिणीत मोठ्या शहरांतली मंडळी जास्त. त्यांच्या डोक्यात चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं तो हिशेब असतं; भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा नसते.

लिहायला बसलं की यादी लांबतेच. रिक्त पदं, पदोन्नती, गाडी, प्रशिक्षण, ड्रोन, वर हवामानबदल. सगळं खरं आहे. पण पंधरा मुद्द्यांच्या ठरावाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही. तीनच ठेवा. सेवाविषयक दोन कुणीतरी मांडेलच. तिसरा कामाचा असू दे. किनाऱ्यापुरता माझा आग्रह एकच: झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या क्षेत्रात येते त्याचा दाखला, कुठल्या मोजमापाच्या नकाशावरून द्यायचा, याचा लेखी नियम.

हे जरा खोलात सांगतो, कारण मला लेखी खुलासा द्यावा लागला तो याच प्रकरणात. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे १:२५,००० वर असतात. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. केंद्राच्या २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. कागदावर ते भरतं ८ मिलिमीटर. आता त्या रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर धरा. साडेबारा मीटर झाले! गुंठा म्हणजे साधारण दहा बाय दहा मीटर, म्हणजे अख्खा गुंठा नुसत्या शाईखाली जातो. आणि आपल्याकडचे हिस्से केवढे, ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत गावी आलेला चाकरमानी विचारतो, ‘साहेब, माझी पडवी आत की बाहेर?’ त्या नकाशावरून याचं उत्तर देताच येत नाही. तरी मुख्याधिकारी घाई करतात, कुणीतरी गुगल अर्थवर रेषा चढवून आणतो, आणि तुमची सही होते.

त्यात ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणाचीच मान्यता पुरते, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. लोकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण वर दुसरी नजर फिरत नाही, म्हणून अधिसूचनेशी ताडून पाहण्याचा सगळा भार खालच्या टेबलावर. १:४,००० चा गावनकाशावर चढवलेला स्थानिक नकाशा मागा. तो नसेल तर ‘उपलब्ध नकाशाच्या मोजमापावरून निश्चित सांगता येत नाही’ एवढं टिप्पणीत लिहा आणि फाईल पुढे पाठवा. साहेब चिडतील. चिडू देत.

घाबरून जाऊ नका मात्र. असं लिहिल्याने कुणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही. न लिहिल्याने चौकशीच्या फेऱ्यांत अडकलेले पाहिलेत.

पूररेषेचंही तेच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून त्या रेषांवर सगळेच तज्ज्ञ झालेत. रेषा आखणार जलसंपदा विभाग, विकास आराखड्यावर उतरवणार आपण, आणि शिव्या खाणारेही आपणच.

मार्गदर्शक कोण धरावा? मोठ्या पदावरच्याच्या मागे लागू नका. त्याला दोन ओळी सांगायलाही सवड नसते, आणि बदली झाली की तो फोन उचलत नाही. निवृत्तीला आलेला अनुरेखक (नकाशे उतरवून काढणारा) किंवा भूमी अभिलेखचा मोजणीदार गाठा. कुठला सर्वे नंबर समुद्राने खाल्लाय, कुठलं खाजण (खाडीलगतची खारट जमीन) कागदावर अजून भातशेती आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. सल्लागार कंपनीची तयार सादरीकरणं मसुद्यात चिकटवण्याचा मोह मात्र टाळा. त्यात देवगड काढून दुसरं कुठलंही गाव घातलं तरी चालतं.

भारतीय नगर नियोजक संस्था १९५१ पासून आहे, तिचं सदस्यत्व जरूर घ्या. पण व्यवसायाची संस्था वेगळी आणि नोकरदारांची संघटना वेगळी. खुलाशाची नोटीस आल्यावर तुमच्या पाठीशी दुसरीनेच उभं राहायला हवं, आणि ती राहते की नाही हे मसुद्यात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

शेवटचं. प्रत्येक मागणीपुढे ती कुणाकडे करायची ते लिहाच. अधिसूचना केंद्राची, किनारा प्राधिकरण पर्यावरण विभागाकडे, मोजणी महसूलकडे. आपण नगर विकासचे. ‘शासनाने किनाऱ्याचे नकाशे अद्ययावत करावेत’ असं लिहिलंत तर तो कागद चार विभागांत फिरून तुमच्याकडेच अभिप्रायासाठी येईल. त्याऐवजी नगर रचना संचालकांकडे परिपत्रक मागा: १:४,००० पेक्षा लहान मोजमापाच्या, म्हणजे कमी तपशिलाच्या, नकाशावरून सर्वे नंबरनिहाय दाखला देऊ नये. हे त्यांच्या हातातलं आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.