झोपेची गोळी चालू असताना दुसरं औषध घेण्यापूर्वी

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम किंवा झोल्पिडेम चालू असेल, तर खरा धोका बहुधा त्याच्या जोडीला घेतलेल्या दुसऱ्या औषधातून येतो. सर्दी-खोकल्याच्या औषधातूनसुद्धा.

१. ब्रँडचं नाव सोडा, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले घटक वाचा. कोडीन, ट्रामाडॉल, क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिली दोन सर्वांत घातक. श्वास मंदावतो, आणि माणूस गाढ झोपलाय असंच घरच्यांना वाटतं.

२. बुरशीवरचं केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं, तर चालू गोळीचं नाव लगेच सांगा. यांच्यामुळे यकृतात अल्प्राझोलामचा निचरा अडतो आणि नेहमीचाच डोस जास्त चढतो.

३. झोपेत श्वास अडकणं, सीओपीडी (फुप्फुसांचा दम लावणारा जुनाट आजार), यकृताचा आजार, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा.

दारू अजिबात नको. ‘संध्याकाळी घेतली, गोळी तर रात्री’ हा हिशेब चुकीचा आहे. डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस राहतो.

मात्र रोजची गोळी घाबरून एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायचा.