बोरू, शाई, कागद : हौशी सुलेखनातील पहिले पूर्ण काम

सुलेखन शिकू लागलेल्यांची पहिली तक्रार बहुधा स्वतःच्या हाताविषयी असते. पण रेषेच्या कडा फाटणे, शाई फुटणे किंवा फटकारा मध्येच कोरडा पडणे यामागे पुष्कळदा हात नसून साहित्याची न जुळलेली जोडी असते. लेखणी, शाई आणि कागद या तीन गोष्टी वेगवेगळ्या निवडायच्या नसून एकमेकींबरोबर पारखायच्या असतात. ही पारख कशी करावी आणि तिच्या आधाराने भिंतीवर लावता येईल असे एका ओळीचे काम कसे पूर्ण करावे, ते येथे दिले आहे.

प्रारंभ लेखणीपासून करावा. टोकदार टाकाने रेषेची जाडी दाबावर ठरते, तर रुंद तोंडाच्या लेखणीने ती दिशेवर ठरते. देवनागरीचे वळण दुसऱ्या प्रकारच्या लेखणीतून घडलेले असल्याने नवशिक्याने रुंद तोंडाची लेखणीच घ्यावी. बोरू स्वतः तासता आला तर उत्तमच. करंगळीएवढा जाड, सरळ आणि पूर्ण वाळलेला वेताचा किंवा बांबूचा तुकडा घ्यावा, त्याच्या टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा तिरका काप काढावा, आतला मऊ भाग खरवडून काढावा आणि दोन्ही बाजू समान तासून तोंड साधारण 5 मिलिमीटर रुंद ठेवावे. चाकू नेहमी हातापासून दूर जाईल अशा दिशेने चालवावा. मग तोंडाच्या मध्यावर, शाई खाली उतरण्यासाठी, एक बारीक उभी चीर द्यावी आणि सर्वांत शेवटी कठीण पाटीवर टोक ठेवून एकाच दाबात तोंड छाटावे. दोनदा छाटलेल्या तोंडाची कड क्वचितच स्वच्छ येते.

या शेवटच्या छाटणीचा कोन हा देवनागरीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. रोमन अक्षरांसाठी लेखणीच्या तोंडाची कड डावीकडे खाली व उजवीकडे वर अशी कागदावर टेकते; देवनागरीत ती नेमकी उलट, डावीकडे वर व उजवीकडे खाली टेकावी लागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला सरळ छाटलेल्या बोरूने हा कोन साधताना मनगट पिळावे लागते. म्हणून चीर दिलेली बाजू वर आणि टोक स्वतःपासून दूर धरून पाहिल्यास डावे टोक लांब व उजवे आखूड दिसेल अशी तिरकी छाटणी करावी. डावखुऱ्यांना मात्र हात ओळीच्या खाली ठेवून लिहिल्यास सरळ छाटलेल्या तोंडानेही हा कोन सहज मिळतो. कड 45 अंशांत टेकली की काना आणि शिरोरेषा यांची जाडी सारखी येते: 5 मिलिमीटर तोंडाच्या बोरूने दोन्ही सुमारे साडेतीन मिलिमीटर भरतात. कोन बरोबर आहे की नाही हे पट्टीने मोजत बसण्यापेक्षा एक आडवी आणि एक उभी रेघ ओढून पाहणे अधिक सोपे आहे.

शाईत मुख्य फरक रंगद्रव्याचा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई सरावाला चांगली, पण तिच्यापैकी बऱ्याच शाया उजेडात फिकट होतात. काजळीपासून केलेली काळी शाई टिकते. शाई फार पातळ वाटल्यास थोडे डिंकाचे पाणी घातल्याने ती फुटणे कमी होते, मात्र डिंक जास्त झाला तर वाळलेली रेषा चकाकते आणि तडकते. न पुसणारी ड्रॉइंगची शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये, कारण ती आत वाळून पेन कायमचे बंद पाडू शकते. बोरूला हा धोका नाही, तो लिहून झाल्यावर लगेच धुवावा एवढेच.

कागद जाड असला म्हणजे शाई फुटणार नाही, हा समज सोडून द्यावा. शाई फुटते की नाही हे कागदाला दिलेल्या खळीवर, म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून दिलेल्या चिकट द्रव्यावर, अवलंबून असते, वजनावर नाही. म्हणूनच काही पातळ कागद स्वच्छ रेषा देतात आणि काही जाड हातकागद टिपकागदासारखे वागतात. प्रत्येक नव्या कागदाच्या कोपऱ्यावर एक काना, एक वर्तुळ आणि एक गाठ काढून, वाळल्यावर कडा पाहाव्यात. कायम ठेवायच्या कामासाठी आम्लविरहित कागदच घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. मजकूर चार-पाच शब्दांचाच असावा, कारण लांब मजकुरात अक्षरांकडे पाहायला सवड उरत नाही. त्याआधी काही दिवस ग, म, भ, न यांचा कित्ता गिरवावा. काना, गाठ आणि शिरोरेषा यांचे नाते या अक्षरांत स्पष्ट कळते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असल्याने आखणीही वरच्या रेषेपासून करावी. अक्षराची उंची बोरूच्या तोंडाच्या पाचपट, तर वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली प्रत्येकी तिप्पट जागा मी ठेवतो. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढावी. अक्षरागणिक तुकडे जोडले की ती थरथरलेली दिसते.

आधी साध्या कागदावर तोच मजकूर अनेकदा लिहून अक्षरांमधली अंतरे ठरवावीत आणि मगच चांगल्या कागदावर फिकट पेन्सिलीने आखावे. अंतिम प्रती किमान तीन लिहाव्यात, कारण एकच कागद समोर असला की हात आखडतो. पेन्सिलीच्या रेघा दुसऱ्या दिवशी, शाई पूर्ण वाळल्यावरच खोडाव्यात. चौकटीत बसवताना खालचा समास वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा, कागद चिकटपट्टीने न डकवता कागदी कोपऱ्यांत अडकवावा आणि काच शाईला टेकणार नाही अशी माउंटची, म्हणजे कामाभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीची, जाडी राखावी. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, बोरूच्या तोंडाची रुंदी, शाई आणि कागद यांची नोंद करावी, म्हणजे पुढच्या कामाच्या वेळी हीच जोडी पुन्हा जुळवता येते.